‘हवा मारून देतो, साहेब!’

दसऱ्याला गाडीचे जेवढे लाड होतात तेवढे उरलेल्या वर्षात मिळून होत नाहीत. सकाळपासून सोसायटीच्या नळाला पाइप लावून रांग लागलेली असते. एरवी स्वतःची ताटली विसळून न ठेवणारे गृहस्थ टायरच्या नक्षीत अडकलेले खडे काडीने कोरून काढत असतात. मग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आरशाला आपट्याची डहाळी, पुढ्यात नारळ आणि गाडीच्या तोंडावर मनगटाएवढी जाड झेंडूची माळ. ही माळ नेमकी कशावर टांगली जाते, याकडे कोणाचं लक्ष नसतं. पुष्कळ गाड्यांत इंजिनासाठी हवा ओढणारं नळकांडं पुढच्या जाळीच्या मागे, वरच्या अंगालाच असतं. म्हणजे भक्तिभावाने आपण गाडीच्या नाकातोंडात फुलं कोंबतो आणि वर तिला तसंच देवदर्शनाला पिटाळतो. दिवाळीनंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टरच्या डब्यातून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघतात. मेस्त्री त्या न बोलता झटकून टाकतो. धर्माच्या गोष्टीत तो पडत नाही.

एवढ्या पूजेत इंजिनाच्या एअर फिल्टरला कोणी कुंकू लावल्याचं मात्र ऐकिवात नाही. तो बिचारा एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो. बहुतेक मोटारींत दोन-चार खटके उघडले की हाताला येतो. फार तर एखादा स्क्रू. पण तो चमकत नाही, वाजत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही. गाडीत ज्या गोष्टी शेजाऱ्याला दिसत नाहीत त्यांच्यावर खर्च करण्याची आपल्याकडे रीत नाही.

आता या डब्यातून जातं काय, ते बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे लिटरमागे हवा झाली अकरा किलो, आणि अकरा किलो हवा म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर. धडधाकट माणूस दिवस-रात्र मिळून दहा-अकरा हजार लिटर हवा श्वासातून घेतो. तेवढी गाडी स्वारगेटहून हिंजवडीला पोचेपर्यंत फस्त करते, आणि मध्ये सिग्नलला उभी राहून थोडी जास्तच. लिटरला अठरा किलोमीटर धरले तर वीस हजार किलोमीटरमध्ये एक कोटी लिटर हवा झाली. ही हवा काही महाबळेश्वरची नसते. वाघोलीहून निघालेल्या, ताडपत्री न टाकलेल्या खडीच्या डंपरच्या मागे असते, ती ही हवा.

या एक कोटी लिटरांच्या आणि इंजिनाच्या मधे उभा असतो तीन-चारशे रुपयांचा एक घड्यांचा कागद. तो बदलण्याची वेळ आली की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात पुढील संवाद होतो. बेळगावच्या सीमेपासून गोंदियापर्यंत यात शब्दाचा फरक पडत नाही; पडला तर हेल काढण्याचा.

“साहेब, फिल्टर पार चोक झालाय.”

“बरं, मग?”

“बदलायला लागंल.”

“केवढ्याला आहे?”

“कंपनीचा साडेतीनशे. लोकल दीडशे.”

इथे साहेब आकाशाकडे बघतात. साहेबांची गाडी नऊ लाखांची आहे. सीट कव्हर चार हजारांचं आहे. डॅशबोर्डवर मान हलवणारं कुत्रं आहे, तेही फुकट आलेलं नाही. काल रात्री हॉटेलात पनीरच्या दोन भाज्यांना सातशे रुपये झाले तेव्हा साहेबांनी आकाशाकडे बघितलं नव्हतं.

“हवा मारून नाही का चालणार?”

“चालतंय की! हवा मारून देतो, साहेब!”

मेस्त्रीचा यात काही दोष नाही. त्याने आधी खरं सांगितलं होतं. शिवाय हवा मारण्यात जी मजा आहे ती फिल्टर बदलण्यात नाही. बदलणं म्हणजे खोक्यातून नवा काढला, ठेवला, खटके लावले, झालं; गिऱ्हाइकाला काही घडल्याचं समाधानच नाही. हवा मारण्याचा मात्र सोहळा असतो. कॉम्प्रेसर धडधडतो, नळीतून फुसकारा निघतो, फिल्टरमधून धुळीचा लोट उठतो, शेजारी चहा पिणारे दोघे पदर नसतानाही नाकावर पदर घेतल्याची खूण करतात. मग मेस्त्री तो फिल्टर टायरवर दोनदा आपटतो. साहेबांना वाटतं, बघा, किती घाण निघाली! साडेतीनशे वाचले. वाचलेल्या पैशांतून ते दोन चहा सांगतात.

गोम अशी, की या फिल्टरचा कागद गाळणीच्या तत्त्वावर चालत नाही. गाळणीत भोकापेक्षा मोठं ते अडतं, लहान ते जातं. कागदाचे तंतू आडवेतिडवे गुंतलेले असतात. हवा त्यांच्यातून वळणं घेत जाते आणि धुळीच्या कणाला ती वळणं जमत नाहीत. तो तंतूवर जाऊन आदळतो आणि तिथेच चिकटतो. म्हणून कागदातल्या फटीपेक्षा बारीक कणसुद्धा अडतात. अडलेल्या कणांचा थर बसला की तो थर पुढच्या कणांना अडवू लागतो. परिणामी अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा मळलेला फिल्टर धूळ अधिक चांगली अडवतो. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने वाचू नये, कारण त्याचा उपयोग इतर अनेक बाबतींत केला जाईल. पण शास्त्र असं आहे. फिल्टरने मळणं हीच त्याची नोकरी. मळता मळता एक दिवस असा येतो की धुळीबरोबर हवाही अडू लागते. त्या दिवशी त्याला निवृत्त करायचं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा टायरसाठी असते. तिच्या जोरापुढे कागद टिकत नाही. घड्या फाकतात, तंतू सुटतात, डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. ज्या फिल्टरला साफ करायची मुळात परवानगी असते, त्यालाही हलक्या दाबाने आणि आतून बाहेर हवा द्यायची असते. आपल्याकडे ती बाहेरून आत, पूर्ण जोराने आणि अगदी जवळून दिली जाते, म्हणजे बाहेर बसलेली धूळ कागदात खोलवर ठोकून बसवली जाते. त्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालून कोणी सोडलेलं नसतं, म्हणून हवेसोबत थोडा शिडकावाही होतो. फिल्टर दिसायला उजळ होतो आणि कामातून जातो.

त्याहून कर्तबगार लोक घरी आहेत. एका गृहस्थांनी कागदी फिल्टर बादलीत साबणाच्या पावडरमध्ये भिजवून, दात घासायच्या जुन्या ब्रशने घड्या घासून, बाल्कनीत चिमटा लावून वाळत घातलेला मी पाहिलेला आहे. शेजारी त्यांचे मोजे होते. मोजे अधिक मळके होते. आणि हेच गृहस्थ मुलाच्या मोटारसायकलचा फोमचा फिल्टर, जो खरोखर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवून, न पिरगाळता दाबून, वाळवून, तेलाचा हात देऊन पुन्हा बसवायचा असतो, तो ‘खराब झाला’ म्हणून फेकून देतात. तिसरी एक जात आहे: बऱ्याच अलीकडच्या स्कूटरींमध्ये आणि मोटारसायकलींमध्ये कागदच तेलकट केलेला असतो, धूळ चिकटावी म्हणून. त्याच्याबद्दल पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं की हा साफ करू नका, ठरलेल्या किलोमीटरला बदला. पण गाडीची पुस्तिका आपल्याकडे विम्याचे कागद आणि चिंचेच्या गोळ्या यांच्याखाली, पारदर्शक पिशवीत, कंपनीने दिली तशी सीलबंद असते.

हे सगळं कंजूषपणातून होतं असं म्हणणं सोपं आहे. माझं तसं मत नाही. अडचण वेगळीच आहे. मळून टाकून देण्यासाठी वस्तू विकत घ्यायची, ही कल्पनाच मराठी घराला झेपत नाही. आपल्याकडे दुधाच्या पिशव्या धुवून फरशीला चिकटवून वाळवतात. श्रीखंडाचा डबा एकदा घरात आला की तो पिढ्यान् पिढ्या हिंग, सुया, गणपतीचे वर्खाचे कागद आणि बटणं सांभाळतो. बनियन निवृत्तीनंतर पायपुसणं होतं, पायपुसणं गाडी पुसायला जातं, आणि गाडी पुसणारा माणूस कधी कधी त्यात आपली बी.कॉम.ची वर्षं ओळखतो. अशा घरात कोणी येऊन सांगावं की ही साडेतीनशेची वस्तू, हिचा काही भाग तुटलेला नाही, आकार जशाचा तसा आहे, फक्त रंग करडा झाला आहे, ती फेका. तर कशी फेकवेल? सर्व्हिस सेंटरवाले जुना भाग परत देतात, नवा बसवल्याचा पुरावा म्हणून. तो आपण डिकीत ठेवतो, अडीअडचणीला. कोणती अडीअडचण, हे मला अजून उमगलेलं नाही. भर घाटात, रात्री, पावसात नवा फिल्टर अचानक चोक होईल आणि जुना काढून बसवता येईल, असं काहीसं दृश्य डोळ्यांपुढे असावं.

जुन्या जमान्यात हा प्रश्न नव्हता, कारण तेव्हाचे फिल्टर धुण्यासाठीच केलेले असत. 1972 साली बाजारात आलेल्या चेतक स्कूटरने मराठी मध्यमवर्गाला रविवार सकाळचा एक संस्कार दिला. अंगणात वर्तमानपत्र अंथरायचं, इंजिनाकडचं झाकण काढायचं, प्लग काढून काचकागदाने घासायचा, आणि जाळीचा फिल्टर वाटीभर पेट्रोलमध्ये बुचकळून काढायचा. मुलांना जवळ बसवून पाना हातात द्यायला लावायचं आणि चुकीचा दिला की ओरडायचं. मग स्कूटर एका अंगावर वाकवून किक मारली, की ती धूर सोडत सुरू व्हायची आणि वडिलांच्या चेहऱ्यावर सहसा न दिसणारे भाव दिसायचे. धुण्याची सवय आम्हाला तिथून लागली. स्कूटर गेली, सवय राहिली, आणि आता ती कागदावर चालते.

फिल्टरची खरी कदर बघायची असेल तर गावाकडे ट्रॅक्टरवाल्याकडे जावं. जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर असे: हवा आधी वरच्या काचेच्या भांड्यात गरगरते, जड धूळ तिथेच पडते, मग ती खाली तेलावर आपटते आणि उरलेली धूळ तेलात बसते. मळणीच्या दिवसांत भुसा उडत असतो तेव्हा जाणता चालक रोज सकाळी ते भांडं रिकामं करतो आणि वाटीत गाळ किती साठला ते बोटाने बघतो. त्याला कोणी पुस्तिका वाचून दाखवलेली नसते. पण इंजिनाचं काम निघालं तर हंगाम हातचा जातो, हे त्याला पाठ असतं. कागदी फिल्टरच्या नव्या ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर बऱ्याचदा एक छोटी खूणदर्शक खिडकी असते. फिल्टर चोक झाला की तिच्यात लाल पट्टी चढते. मोटारवाल्या मध्यमवर्गाच्या नशिबी ही लाल पट्टी नाही. त्याच्या वाट्याला सर्व्हिस सेंटरचा व्हॉट्सॲप येतो.

व्हॉट्सॲपवरचा फोटो ठरलेला असतो. एका हातात तुमचा काळाकुट्ट फिल्टर, दुसऱ्या हातात पांढराशुभ्र नवा. खाली मजकूर: ‘सर, एअर फिल्टर बॅड कंडिशन. अप्रूव्ह करा.’ तुम्ही ऑफिसात मीटिंगमध्ये असता. फोटो बघून तुमच्या पोटात कालवतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळदा हा फोटो इंजिनाच्या फिल्टरचा नसतोच; तो एसीचा असतो, डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागचा. तो तुमच्या नाकासाठी आहे, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. दोन फिल्टर, दोन बिलं, आणि विचारणारं कोणी नाही. दुसरं असं, की काळा रंग म्हणजे चोक असं नव्हे. घड्या उघडून उजेडासमोर धरला आणि पलीकडचा बल्ब अंधूक दिसला, तर त्याचे दिवस अजून भरलेले नाहीत. काहीच दिसलं नाही तर भरले.

एखादा मुरलेला मेस्त्री मात्र फिल्टर बघून चोकच्या पलीकडचं सांगतो. तांबूस धूळ असेल तर गाडी कोकणात जाऊन आली. मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू असल्यामुळे ही तांबूस छटा बऱ्याच गाड्यांना कायमची लागली आहे. काळी, काजळीसारखी भुकटी असेल तर चंद्रपूरकडची खाणपट्टी. करडी, बोटांना सिमेंट लागल्यागत, तर मेट्रोच्या खांबांखालून रोजचं जाणं-येणं. ‘ऑफिसच्या कामाने नागपूरला’ गेलेले एक गृहस्थ पत्नीसमक्ष सर्व्हिसिंगला आले आणि मेस्त्रीने सहज विचारलं, “मालवणला गेला होतात काय, साहेब?” पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण कॉम्प्रेसर सुरू झाला.

आता आपल्या खऱ्या श्रद्धास्थानाकडे येऊ: ॲव्हरेज. फिल्टर बदलायला माणूस कसाबसा तयार होतो तो ॲव्हरेज वाढेल या आशेवर. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ती आशा खरी होती. हवा अडली की मिश्रण पेट्रोलकडे झुकायचं, प्लग काळा पडायचा, धूर यायचा. पण अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये इंजेक्शनच्या मोटारींवर चाचण्या घेतल्या, तेव्हा मुद्दाम चोक केलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. कारण साधं आहे. आत आलेली हवा संगणक मोजतो आणि तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडतो. हवा कमी, तर पेट्रोलही कमी. तुम्ही पाय जरा जास्त दाबता, हिशेब तिथल्या तिथे मिटतो. पडला तो फरक पिकअपमध्ये: चोक फिल्टरची गाडी वेग घ्यायला रेंगाळत होती. म्हणजे खंबाटकीच्या चढावर ट्रकला ओलांडताना तुम्हाला कुलदैवत आठवेल, पण पंपावर खिसा तेवढाच हलका होईल. ही बातमी मी शेजारच्या काकांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मग बदलायचाच कशाला?”

बदलायचा तो इंजिन झिजू नये म्हणून. रस्त्याच्या धुळीत वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, आणि सिलिका लोखंडापेक्षा कठीण. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक कण तेलाच्या पातळ थरात शिरून रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहतात. मग इंजिन तेल खातं, निळा धूर सोडतं, आणि मेस्त्री “रिंगा गेल्या, बोअर करायला लागंल” असं म्हणतो. त्या बोअरच्या पैशांत कागदी फिल्टरचा ढीग आला असता. पण ही झीज वर्षानुवर्षांची असते. तोपर्यंत बहुतेकांनी ‘एका हाताने वापरलेली, डॉक्टरची गाडी’ अशी जाहिरात देऊन ती विकलेली असते. काकांचा हिशेब त्या अर्थाने अचूक होता. तो पुढच्या मालकाला धरून केलेला नव्हता, एवढंच.

फिल्टरच्या डब्याचे खरे कौतुक करणारे उंदीर आहेत. ऊब, कोरडेपणा, मांजरीला न जमणारी वाट, आणि अंथरायला बॉनेटखालचं मऊ अस्तर. भाडं नाही, पागडी नाही. महिनाभर न हललेल्या गाडीच्या डब्यात शेंगांची टरफलं, पावाचे तुकडे, देवळातल्या प्रसादाचा कागद असा ऐवज सापडतो, आणि फिल्टरचा एक कोपरा दातांनी बारीक कातरलेला असतो. यावर लोक तंबाखूची पानं ठेवतात, डांबरगोळ्या ठेवतात. तंबाखूने उंदीर पळाल्याचं काही जण छातीठोक सांगतात. माझ्या पाहण्यातले उंदीर बहुधा सरावलेले असावेत. गाडी आठवड्यातून दोनदा चालवणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

पाण्याबद्दल मात्र विनोद बाजूला ठेवून दोन वाक्यं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी इंजिनांनी हवेऐवजी पाणी ओढलं. कागद पाणी थोपवत नाही, हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. ढकला, टोइंगवाल्याला बोलवा. विम्याचा सर्व्हेअर आला की आधी फिल्टरचा डबा उघडतो, आणि ओला कागद तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो.

उरला बदलण्याचा मुहूर्त. पुस्तिकांमध्ये कुठे वीस हजार, कुठे चाळीस हजार किलोमीटर लिहिलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात: ‘धुळीच्या प्रदेशात याहून लवकर’. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाळवंट असावं. आपण ते ‘महाराष्ट्रात’ असं वाचावं. फिल्टर कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचा घ्या. नाना पेठेत दीडशेला मिळणाऱ्याच्या घड्या मोजून पाहिल्यात तर स्वस्ताईचं कारण तिथेच सापडेल. डबा आतून ओल्या फडक्याने पुसा, रबराची कड चारी बाजूंनी बसली का ते बोट फिरवून बघा, कारण एका कडेने उघडा राहिलेला नवा फिल्टर चोक झालेल्या जुन्यापेक्षा वाईट. डब्यावर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून ठेवा. आणि जुना गॅरेजच्या पिंपातच टाकून या. घरी आणलात तर तो माळ्यावर जाईल.